दुपारपासून पाणी बंद

आमच्या सोसायटीत मला सगळे 'पाणीवाले' म्हणतात. मी पाणी समितीचा प्रमुख आहे. समितीत आणखी कोण आहे असं कृपा करून विचारू नका. सभा भरते तेव्हा मीच चहा करतो, मीच ठराव मांडतो आणि मीच अनुमोदन देतो, त्यामुळे आमचे सगळे ठराव आजवर एकमताने मंजूर झालेत. मोटर कधी लावायची, व्हॉल्व्ह किती सोडायचा, कोणाचा नळ गळतो, कोण पाइप लावून गाडी धुतो, हे सगळं माझ्या अखत्यारीत. विमा कंपनीत मी लोकांच्या सह्या तपासतो आणि तिथे शिपाईसुद्धा माझं ऐकत नाही. तेव्हा हे पद मला किती प्रिय असेल ते तुम्हीच समजून घ्या. जिन्याखाली मी स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'पाणी जपून वापरा. आम्ही बघत आहोत.' दुसरं वाक्य पुसून टाका असं आमची ही कितीदा म्हणाली. मी काही पुसलं नाही.

तर एका सकाळी मी दाढी करत असताना ही पाण्याचा ग्लास घेऊन मोरीच्या दारात उभी राहिली.

"अहो, पाण्याला वास येतोय."

"कसला?"

"पेट्रोलचा."

मी ग्लास नाकाशी धरला. मला फक्त दाढीच्या साबणाचा वास आला. पण आमच्या हिचं नाक म्हणजे साधंसुधं प्रकरण नाही. मी बसमध्ये कोणाशेजारी बसून आलो, हे ती मला दारातच सांगते. समोरच्यांचं दूध नासणार हे त्यांच्याआधी हिला कळतं. लग्नात माझ्या आईने हिचे सगळे गुण विचारले, नाक तेवढं विचारायचं राहिलं. त्यामुळे मला वास आला नाही तरी मी "येतोय खरा" असं म्हणालो. संसारात एवढं चालतं.

ही गोष्ट मी जिन्यात एकाला सांगितली आणि संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रांग लागली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "उकळून प्या."

"काकू, पेट्रोल उकळायचं?"

"मग गाळून घ्या," काकू शांतपणे म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी मला उभं करून वास हा मनाचा खेळ कसा असतो ते समजावलं आणि शेवटी "कळलं का?" असं तीनदा विचारलं. गाडीवाले म्हणून आमच्याकडे एक आहेत. त्यांची गाडी आणि माझी पाटी यांचं जुनं वैर. ते म्हणाले, "पेट्रोल येत असेल तर दोन बादल्या मला पाठवा, फुकट कशाला घालवता?" सगळे हसले. "वहिनींचं नाक जरा जास्तच आहे," असंही कोणीतरी म्हणालं. ही वरच्या कठड्याशी उभी होती. तिने ते ऐकलं.

आता आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक पेट्रोल पंप आहे, हे सांगायला हवं. पंप कधीचा बंद पडलाय. वरचं छप्पर गेलं, यंत्रं गेली, पण जमिनीखालच्या टाक्या तशाच आहेत. भिंतीच्या अलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर आमची विहीर, आणि आमच्या सगळ्या नळांना पाणी तिचंच. पंपाच्या मालकांना ती जागा बिल्डरला विकायची होती आणि त्यासाठी पर्यावरण खात्याचा दाखला हवा होता, की इथल्या भूजलात इंधन उतरलेलं नाही. म्हणून खात्याने भिंतीलगत जमिनीत एक खोल पाइप उतरवून ठेवला होता. त्यातून अधूनमधून पाणी काढून तपासायचे. प्रत्येक तपासणी स्वच्छ. आता एकच तपासणी उरली होती. तीही स्वच्छ निघाली की फाइल बंद, टाक्यांवर काँक्रीट, वर सात मजले, आणि खाली जे काही झिरपत असेल ते आम्ही जन्मभर पीत बसायचं.

हिने नळाचं पाणी पिणं सोडलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कॅन आणायला लागली. चौथ्या मजल्यापर्यंत तो कॅन ओढत आणताना लोक बघायचे आणि गालातल्या गालात हसायचे. एके दिवशी ती कॅन टेबलाशी टेकवून तशीच बसली आणि म्हणाली, "मला वेडी समजतात हो सगळे. पण वास येतो. खरंच येतो." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. त्या क्षणी मी ठरवलं, की आता हे प्रकरण मी तडीला नेणार.

तडीला नेणं म्हणजे काय असतं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. पाणीपुरवठा खात्यात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "विहीर तुमची खाजगी. आमचा संबंध नळाशी." भूजल खात्यात गेलो. ते म्हणाले, "पाणी जमिनीखाली असेपर्यंत आमचं. तुम्ही ते वर काढलंत, आता ते आमचं राहिलं नाही." मी म्हटलं, "मग परत खाली सोडू का?" त्यावर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. बाकावर माझ्याआधीपासून एक गृहस्थ बसले होते. ते कशासाठी आले होते हे त्यांच्याही आता लक्षात नव्हतं.

शेवटी पर्यावरण खात्यात पोचलो. तिथे प्रयोगशाळेच्या मुख्य अधिकारी एक बाई होत्या. चष्मा डोक्यावर, पांढरा कोट, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पण त्यांनी ऐकून घेतलं. सगळ्या खात्यांत मिळून मला पूर्ण वाक्य बोलू देणारी ही पहिली व्यक्ती. त्यांनी मला काचेच्या इवल्या बाटल्या दिल्या. "विहिरीचं पाणी काठोकाठ भरा. आत बुडबुडा राहता कामा नये. बर्फात ठेवून थेट इथे आणा. आणि ही एक बाटली आधीच भरलेली आहे, शुद्ध पाण्याची. ही उघडायची नाही. नुसती बरोबर न्यायची आणि परत आणायची."

"ही कशाला?"

"वाटेत काही गडबड झाली का, ते ही सांगते. आमची साक्षीदार."

मी बाटल्या अशा काही भरल्या की काय सांगू! बुडबुडा दिसला की बाटली ओतून पुन्हा भरायची. हिने बर्फाचा डबा दिला. स्कूटरवर पायांच्या मध्ये डबा ठेवून मी निघालो. छाती इतकी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं. अर्ध्या वाटेत स्कूटर गचके खायला लागली. पेट्रोल संपत आलेलं. समोरच पंप होता. मी थांबलो, टाकी भरली, थोडं पेट्रोल डब्याच्या झाकणावर सांडलं, ते मी रुमालाने नीट पुसलं. त्याच रुमालाने मग प्रत्येक बाटलीही पुसली. स्वच्छतेची मला लहानपणापासून आवड.

निकाल आला तो बाईंनी समोर बसवून सांगितला. विहिरीच्या पाण्यात पेट्रोल होतं. मी खुर्चीतून उडालो. मग त्या म्हणाल्या, "साक्षीदार बाटलीतही पेट्रोल आहे."

"म्हणजे शुद्ध पाण्यातही?"

"म्हणजे तुम्ही वाटेत पेट्रोल भरलंत. हो ना?"

माझा साक्षीदारच फितूर झाला होता. सगळे नमुने बाद. पुन्हा द्यायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा नंबर, आणि तोवर पाइपाची शेवटची तपासणी होऊन फाइल बंद झालेली असणार. माझा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. त्यांनी कागदावर एक उभा पाइप काढला आणि त्याच्या मधल्या भागात आडव्या रेघा मारल्या.

"हा तुमच्या भिंतीपलीकडचा पाइप. या रेघा म्हणजे चिरा, पाणी आत यायला. आता पेट्रोल कुठे असतं? पाण्यावर तरंगतं. पाणी या चिरांच्या वर असलं, तर पेट्रोलही वर राहतं, पाइपाच्या बाहेर, त्याला आत यायला वाटच नाही. आत येतं ते खालचं बरं पाणी. पाणी चिरांपर्यंत उतरलं तर मात्र पेट्रोल आत शिरेल."

"मग पाणी उतरल्यावर तपासा!"

"तपासणीची तारीख मालक कळवतात. ते बरोबर पाणी वर असताना कळवतात. नियमात बसतं ते." मग त्यांनी विचारलं, "तुमची विहीर अगदी शेजारी आहे. तिचा उपसा जोरात असता तर पाइपातलंही पाणी उतरलं असतं. इतकी माणसं राहता तुम्ही, उपसा इतका कमी कसा?"

"मी आहे ना!" मी अभिमानाने म्हणालो. "एक थेंब वाया जाऊ देत नाही."

बाईंनी कागदावर चिरांच्या चांगली वर पाण्याची एक रेघ ओढली. मग मला कळलं. माझी पाटी, माझा व्हॉल्व्ह, टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं, मी स्वतः बसवून वर सील ठोकलेलं यंत्र, हे सगळं आजवर पंपाच्या मालकांची चाकरी करत होतं. परत येताना मी स्कूटर ढकलत आणली. पेट्रोल होतं, पण बसायची इच्छा नव्हती.

हिला सगळं सांगितलं, बाईंकडून कळलेली तपासणीची तारीखसुद्धा. ती म्हणाली, "मग सोपं आहे. सगळ्यांना सांगा, तपासणीच्या आदल्या दिवसापासून भरपूर पाणी वापरा."

सोपं! मी दारोदार फिरलो. ज्या दारांवर मी आजवर 'तुमचा नळ गळतो' एवढंच सांगायला गेलो होतो, त्याच दारांवर उभा राहून मी हात जोडून म्हणत होतो, "कृपया पाणी उधळा."

हेडमास्तरांनी दार अर्धंच उघडलं. "ही परीक्षा आहे का?"

"नाही हो सर, खरंच वापरा."

"आम्ही हल्ली आंघोळसुद्धा अर्ध्या बादलीत करतो. लिहून घ्या," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

काकू म्हणाल्या, "मी भांडी ओल्या फडक्याने पुसते. नळ उघडतच नाही." त्यांच्या पदरातून पाणी ठिबकत होतं. गाडीवाल्यांना म्हटलं, आज मनसोक्त गाडी धुवा, तर ते म्हणाले, "कुठली गाडी? माझ्याकडे गाडी नाही." हातात किल्ली होती. मी पाइप, चिरा, पेट्रोल सगळं समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला पाण्यात पेट्रोल आणायचंय? आणि तुम्ही पाणी समितीचे प्रमुख?" थोडक्यात काय, मी सापळा लावलाय अशी सगळ्यांची खात्री पटली आणि त्या दिवशी सोसायटीने आपल्या इतिहासात सर्वांत कमी पाणी वापरलं. आम्ही दोघांनी पहाटेपासून घरातलं सगळं धुतलं. पडदे धुतले, गाद्यांचे अभ्रे धुतले, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. पण एक घर कितीसं उपसणार? गच्चीवरची टाकी गच्च भरलेली, आणि टाकी भरलेली असली की माझं ते सील ठोकलेलं यंत्र मोटर लागू देत नाही.

तपासणीच्या सकाळी अधिकारी बाई दोन माणसं घेऊन आल्या. मालक आले, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. पाइपाच्या झाकणाला त्यांचं कुलूप, किल्ली त्यांच्याच कमरेला. त्यांनी कुलूप उघडलं, आणि बाईंच्या माणसाने पाण्याची पातळी मोजायची फीत आत सोडली. पाण्याला टेकल्यावर फितीची शिट्टी वाजली. पाणी चिरांच्या चांगलं हातभर वर होतं.

"घ्या नमुना," मालक म्हणाले. "मला दुपारी बिल्डरकडे जायचंय."

"आधी पाइपातलं शिळं पाणी उपसायचं, ताजं येईपर्यंत थांबायचं, मग नमुना," बाई म्हणाल्या. "दुपार होईल."

मी आणि ही भिंतीशी उभे होतो. मागे वळून बघितलं तर अख्खी सोसायटी कठड्यांवर ओळंबून तमाशा बघत होती. एकाही घरात नळाचा आवाज नाही. हेडमास्तर वरून ओरडले, "पाणीवाले, आमचे सगळे नळ बंद आहेत बरं का! येऊन तपासा!" त्यावर खसखस पिकली. मालकसुद्धा हसले. हिने मान खाली घातली.

आणि माझं डोकं फिरलं. खरं सांगतो, त्यात डाव नव्हता, अक्कल तर नव्हतीच. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी विहिरीच्या कट्ट्यावर चढलो आणि ओरडलो, "बंद आहेत? मग कायमचेच बंद ठेवा! दुपारपासून पाणी बंद! चार दिवस थेंब मिळणार नाही! ऐकलंत?"

मग सगळे कठडे एकदम रिकामे झाले.

मी रागारागाने व्हॉल्व्हकडे निघालो होतो. हिने मागून बाही धरली. "थांबा. ऐका."

आधी एक बादली वाजली. मग दुसरी. मग एका घरातून पातेली खाली उतरवल्याचा आवाज आला, आणि मग जो काही गदारोळ उठला! सगळ्या मजल्यांचे सगळे नळ एकाच वेळी सुटले होते. काकूंनी हंडे, कळशा, डबे, कुकर, कुकरचं झाकणसुद्धा भरायला लावलं. हेडमास्तरांच्या मोरीतून "आधी पिंप! आधी पिंप!" अशा आज्ञा ऐकू येत होत्या. कोणी फुलदाणी भरली. गाडीवाले तर खाली आले, पाइप लावला आणि चार दिवसांची एकदम धुवून घेऊ म्हणून गाडी धुवायला लागले. गच्चीवरची टाकी बघता बघता रिकामी झाली, यंत्राने निमूटपणे हुकूम मानला आणि विहिरीची मोटर लागली. ती लागली ती लागलीच. टाकीत पाणी पडत होतं तितकं खाली जात होतं. आयुष्यात पहिल्यांदा मोटरचा तो आवाज मला गोड वाटला.

मालकांनी घड्याळ बघायचं सोडून भिंतीपलीकडे कान दिला. "हे काय चाललंय?"

"पाणी वापरतायत," ही म्हणाली.

बाईंनी पुन्हा फीत सोडली. शिट्टी खाली गेली होती. थोड्या वेळाने आणखी खाली. मालक म्हणाले, "हे चालणार नाही! मुद्दाम करतायत!" बाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "त्यांची विहीर आहे. त्यांनी पाणी भरायचं नाही, असा नियम मला दाखवा." मालकांना नियम सापडेना. शिट्टी चिरांच्याही खाली वाजली.

मग दोरीला बांधलेली एक लांब पारदर्शक नळी पाइपात सोडली आणि हलक्या हाताने वर काढली. उन्हात धरली. खाली पाणी, आणि वर चांगला दोन बोटं जाड, पिवळसर, चमकणारा थर. आता वास मलासुद्धा आला. भिंतीवरून डोकावणाऱ्या काकूंनी पदर नाकाला लावला.

"यांनीच ओतलंय!" मालक किंचाळले.

"कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला," मी म्हणालो. "आम्ही फक्त काढलंय. टाकलं काही नाही."

इतकं नेमकं वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो आणि नंतरही जमलेलं नाही. पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या हिच्याजवळ आल्या. "वास तुम्हाला यायचा ना? बघा, हाच का?"

हिने नळी नाकाजवळ नेली. डोळे मिटले. सगळी सोसायटी, हातात बादल्या तशाच धरून, भिंतीशी गोळा झाली.

"हाच," ही म्हणाली. मग तिने पुन्हा हुंगलं. "पण हे नुसतं पेट्रोल नाही हो. यात रॉकेल आहे. निम्मं तरी असेल."

"काहीतरी काय बोलता बाई!" मालक उसळले. "निम्मं? निम्मं आम्ही कधीच मिसळलं नाही!"

ते बोलले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांचा हात हळूहळू तोंडाकडे गेला, पण उशीर झाला होता. बाईंचा माणूस लिहून घेत होता. गाडीवाल्यांच्या हातातला पाइप खाली पडला. "अरे चोरा! म्हणून माझी गाडी चढावर खोकायची होय!" विहिरीत पेट्रोल उतरलं, आपण ते प्यालो, याचा सोसायटीला जितका राग आला नव्हता त्याच्या दसपट राग गाडीच्या खोकल्याचा आला. मालकांना बाईंच्याच गाडीत बसवून बाहेर काढावं लागलं.

प्रयोगशाळेनेही हेच सांगितलं. पेट्रोल आणि रॉकेल. फाइल बंद व्हायची ती उघडीच राहिली. टाक्या क्रेन लावून काढल्या तेव्हा हेडमास्तर गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि आपल्याला पहिल्यापासून संशय होता असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. टाकीच्या पोटाला ताटाएवढं भोक होतं. मातीचे ट्रकच्या ट्रक गेले. तोवर मालकांच्या पैशाने रोज टँकर येत होता आणि पाइपातलं पाणी बाई स्वतः तपासत होत्या, पाणी वर असताना आणि खाली असतानाही. लोक आता हिला जिन्यात थांबवून दूध, तूप, गॅसची शेगडी, काय काय हुंगायला लावतात. आणि मला 'वहिनींचे मिस्टर' म्हणतात. ऐकताना मला इतकं बरं वाटतं, की मी उगाचच जिन्यातून वरखाली करतो.

शेवटी विहिरीचं पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल आला. अधिकारी बाई तो घेऊन आल्या आणि सोसायटीच्या सभेत वाचून दाखवला. सगळं ठीक होतं. शिक्का होता, सही होती. बाई म्हणाल्या, "आता नळ सोडायला हरकत नाही." पण कोणी जागचं हललं नाही. सगळे हिच्याकडे बघत होते. बाईसुद्धा.

काकूंनी आतून ग्लास आणला, विहिरीच्या नळाखाली भरला आणि दोन्ही हातांनी हिच्यापुढे धरला. हिने वास घेतला. एकदा. मग ती ते पाणी तिथेच, सगळ्यांसमोर, तळापर्यंत प्यायली आणि ग्लास खाली ठेवून म्हणाली, "चालेल."

तिच्या एका शब्दावर सगळ्या मजल्यांवरचे नळ सुटले. ते कितीतरी वेळ चालू होते, आणि मी एकालाही बंद करायला सांगितलं नाही.